स्तनातील साध्या गाठी एमआरआयमध्ये वेगवेगळ्या का दिसतात?

स्तनात गाठ लागली, सोनोग्राफी झाली, मग एमआरआय झाला आणि आता तुमच्या हातात दोन पानांचा इंग्रजी रिपोर्ट आहे. त्यात ‘टी-टू हायपरइन्टेन्स’, ‘पर्सिस्टंट एन्हान्समेंट’, ‘इंटर्नल सेप्टेशन्स’ असे शब्द आहेत. शेजारच्या बाईचीही अशीच गाठ होती, पण तिच्या रिपोर्टमध्ये नेमके उलटे लिहिले होते. मग दोघींना एकच आजार कसा? असा प्रश्न घेऊन अनेक कुटुंबे दवाखान्यात येतात. हा लेख त्याच प्रश्नाबद्दल आहे.

थोडक्यात उत्तर असे की एमआरआय गाठीचे नाव दाखवत नाही, गाठ कशाची बनली आहे ते दाखवतो. एकाच नावाच्या दोन गाठींत पाणी, पेशी, तंतू आणि चरबी यांचे प्रमाण वेगळे असते, म्हणून त्यांची चित्रेही वेगळी येतात.

साधी गाठ म्हणजे कर्करोग नसलेली, शरीरात इतरत्र न पसरणारी गाठ. स्तनात लागणाऱ्या बहुतेक गाठी, विशेषतः तरुण वयातल्या, याच प्रकारच्या असतात. पण ‘बहुतेक’ म्हणजे ‘सगळ्या’ नव्हे. त्यामुळे गाठ लागल्यावर ती तपासून घेणे टाळू नका.

एमआरआय ही पहिली तपासणी नाही

हे आधी सांगतो, कारण यात पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातात. स्तनातल्या गाठीसाठी तीन गोष्टी लागतात: डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि गरज असेल तर सुईने काढलेला तुकडा म्हणजे बायोप्सी. तिशीच्या आतील मुलींना सहसा सोनोग्राफी पुरते. चाळिशीनंतर मॅमोग्राफी जोडली जाते. या तिन्हींचा निष्कर्ष एकमेकांशी जुळला तर बहुतेक वेळा एमआरआयची गरजच पडत नाही.

हाताने केलेल्या तपासणीला कमी लेखू नका. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर मोठा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या भागांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत होत्या. २० वर्षांनंतरचा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आत तसा स्पष्ट फायदा दिसला नाही, हेही त्याच अभ्यासात आहे. कुठलेही मशीन न वापरता हे झाले.

मग एमआरआय कधी लागतो? सोनोग्राफी आणि मॅमोग्राफीत एकमत होत नसेल, घरात आई-बहिणीला कमी वयात कर्करोग झाला असेल, आधी ऑपरेशन झालेल्या जागी व्रण आहे की नवी गाठ हे कळत नसेल, किंवा गाठ फार मोठी असून ऑपरेशनची आखणी करायची असेल तेव्हा. ‘मनाची खात्री करून घ्या’ एवढ्याच कारणाने सांगितला असेल, तर तो कशासाठी हवा आहे हे डॉक्टरांना नि:संकोच विचारा.

एमआरआय नेमके काय बघतो?

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. मोठ्या चुंबकात शरीरातल्या हायड्रोजनला रेडिओ लहरींनी डिवचले जाते आणि त्याच्याकडून परत येणारा सिग्नल टिपला जातो. हा हायड्रोजन मुख्यतः पाण्यात आणि चरबीत असतो. मोकळ्या पाण्याचा सिग्नल बराच वेळ टिकतो. घट्ट तंतूंना चिकटून बसलेल्या पाण्याचा लवकर विझतो. पुढचे सगळे याच फरकावर उभे आहे.

टी-टू नावाच्या चित्रात मोकळे पाणी पांढरेशुभ्र दिसते आणि घट्ट तंतुमय भाग काळा. टी-वन चित्रात उलट, पाणी गडद आणि चरबी उजळ. चरबी ओळखायची असेल तर मशीन ती मुद्दाम ‘विझवलेले’ चित्रही काढते. आधी उजळ असलेला भाग त्यात काळा झाला, तर तिथे चरबी आहे हे नक्की.

मग शिरेतून गॅडोलिनियमचे औषध देऊन तीच चित्रे काही मिनिटे पुन्हा पुन्हा काढतात. जिथे रक्तवाहिन्या आहेत आणि त्यांतून औषध पेशींच्या मधल्या जागेत झिरपते, तो भाग उजळतो. रिपोर्टमधले ‘एन्हान्समेंट’ ते हेच. किती उजळले यापेक्षा कसे उजळले हे महत्त्वाचे. हळूहळू वाढत गेले तर ‘पर्सिस्टंट’ किंवा टाइप-वन. पटकन चढून तिथेच थांबले तर टाइप-टू. पटकन चढून लगेच उतरले तर ‘वॉशआउट’ म्हणजे टाइप-थ्री, आणि हा प्रकार कर्करोगात जास्त आढळतो. जास्त आढळतो, फक्त तिथेच नव्हे.

चौथी गोष्ट डिफ्यूजन. पाण्याचे रेणू किती मोकळेपणाने हलतात हे त्यात बघतात. बाजाराच्या दिवशी गल्लीतून चालायला वेळ लागतो, तसे दाटीवाटीने बसलेल्या पेशींमधून पाणी सहज हलत नाही. रिपोर्टमध्ये ‘रेस्ट्रिक्टेड डिफ्यूजन’ लिहिले असेल तर तिथे पेशींची दाटी आहे, किंवा आतला द्रव दाट आहे, असा अर्थ.

फायब्रोअ‍ॅडिनोमा: नाव एक, चित्रे अनेक

तरुणींमध्ये सर्वांत जास्त आढळणारी घट्ट गाठ हीच. साधारण १५ ते ३५ या वयात. हाताखाली गुळगुळीत, रबरासारखी आणि बोटाखालून सटकणारी, म्हणून डॉक्टर लोक तिला गमतीने स्तनातला उंदीर म्हणतात. तिच्यात दोन घटक असतात, दुधाच्या नळ्यांच्या पेशी आणि त्यांना धरून ठेवणारे तंतुमय भरण. सगळा फरक पडतो तो या भरणामुळे.

कमी वयातल्या गाठीत हे भरण बहुधा मऊ, पाणीदार, जेलीसारखे असते. खरवसाची वडी डोळ्यांपुढे आणा. डॉक्टर याला मिक्सॉइड म्हणतात. आत मोकळे पाणी भरपूर, म्हणून टी-टूवर गाठ पांढरी दिसते. रक्तवाहिन्या आहेत आणि पेशींच्या मध्ये जागाही आहे, म्हणून औषध आत शिरते आणि हळूहळू साठत जाते. गाठ चांगली उजळते आणि उजळतच राहते. पाणी मोकळे फिरत असल्याने डिफ्यूजनही अडलेले नसते. ‘टी-टू हायपरइन्टेन्स, होमोजिनियस, पर्सिस्टंट एन्हान्समेंट’ हे वाचून घाबरलेल्या मुलींना मी हेच सांगतो, की तुझी गाठ पाणीदार आहे, एवढाच याचा अर्थ.

काही गाठींत, विशेषतः किशोरवयात झपाट्याने वाढणाऱ्यांत, पेशींची संख्या जास्त असते. अशा गाठी औषध पटकन पितात, कधी कधी टाइप-टू वळणही दाखवतात आणि डिफ्यूजन थोडे अडलेले दिसते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या एका बाजूचा स्तन काही महिन्यांत दुप्पट झालेला पाहून आई-वडील हादरून येतात. ही मोठी फायब्रोअ‍ॅडिनोमा बहुतेक वेळा साधीच असते, पण आकारामुळे काढावी लागते.

वय वाढते तसे गाठीतले पाणी कमी होते, पेशी ओसरतात आणि भरण घट्ट होत जाते. पाळी गेल्यावर हे जास्त दिसते, कारण ही गाठ हार्मोन्सवर पोसलेली असते. खरवसाची जणू सुपारी होते. याला हायलिनाइज्ड किंवा स्क्लेरोटिक म्हणतात. आता टी-टूवर तीच गाठ काळी दिसते आणि औषध दिले तरी फारशी उजळत नाही, कधी अजिबात नाही. अजिबात न उजळणारी गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता फार कमी असते, त्यामुळे ‘नो एन्हान्समेंट’ हे शब्द दिसले तर ती दिलासा देणारी खूण समजा. अशा जुन्या गाठीत चुनाही साठतो. मॅमोग्राफीत तो मक्याच्या लाह्यांसारखा दिसतो, एमआरआयमध्ये मात्र नीट दिसत नाही. म्हणूनच एमआरआय झाला तरी जुनी मॅमोग्राफीची फिल्म टाकून देऊ नका.

शेजारच्या बाईचा रिपोर्ट तुमच्या उलट का, याचे उत्तर इथेच आहे. तुमचे वय २४, तिचे ५४. गाठ एकाच जातीची, पण तिचे वय आणि आतला माल वेगळा.

आणखी एक खूण आहे, ‘नॉन-एन्हान्सिंग डार्क इंटर्नल सेप्टेशन्स’. उजळलेल्या गाठीत न उजळणाऱ्या बारीक काळ्या रेषा दिसतात. संत्र्याच्या फोडींमधल्या पडद्यांसारखे हे घट्ट तंतूंचे पट्टे असतात. कडा स्वच्छ असलेल्या गोल किंवा लंबगोल गाठीत त्या दिसल्या, तर फायब्रोअ‍ॅडिनोमाच्या बाजूने तो चांगला पुरावा धरतात. मात्र प्रत्येक फायब्रोअ‍ॅडिनोमात त्या दिसतातच असे नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये हा शब्द नसेल तर त्यावरून काळजी करू नका.

गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ही गाठ वाढू शकते, जास्त रक्त घेते आणि चित्र बदलते. यामुळेही जुन्या आणि नव्या रिपोर्टमध्ये फरक पडतो.

आता घरोघरी विचारला जाणारा प्रश्न: ‘डॉक्टर, लग्नाआधी काढून टाकू का?’ बायोप्सीने साधी ठरलेली, लहान, न वाढणारी गाठ केवळ लग्नासाठी काढायची गरज नसते. तिच्यामुळे मूल होण्यात किंवा पाजण्यात सहसा अडचण येत नाही. उलट निप्पलजवळ अनावश्यक छेद दिला तर दुधाच्या नळ्या कापल्या जाऊ शकतात. गाठ तीन सेंटिमीटरच्या आसपास किंवा मोठी असेल, वाढत असेल, दुखत असेल किंवा बायोप्सीत शंका असेल, तर काढणे योग्य. आणि मुलीला स्वतःलाच ती नको असेल तर तेही पुरेसे कारण आहे, पण ते तिने ठरवायचे.

हुबेहूब दिसणारी बहीण: फायलोडीस

ही गाठ कमी आढळते, पण माहीत असावी. १८३८ मध्ये जर्मन वैद्यक योहानेस म्युलर यांनी तिला नाव दिले. ग्रीक भाषेत पानाला जो शब्द आहे त्यावरून, कारण कापल्यावर आत पानांसारखे पदर दिसतात. हे पदर आणि त्यांच्यातल्या फटी एमआरआयमध्येही दिसू शकतात. फटींत द्रव साठला तर टी-टूवर पांढऱ्या चिरा, आत रक्तस्राव झाला असेल तर टी-वनवर उजळ डाग, आणि घट्ट भाग झपाट्याने उजळणारा.

अडचण अशी की लहान फायलोडीस आणि पेशी जास्त असलेला फायब्रोअ‍ॅडिनोमा यांचे घटक इतके सारखे असतात की एमआरआयवर फरक करता येत नाही. सुईच्या बायोप्सीतही कधी कधी येत नाही. अशा वेळी वय आणि वेग बघतात. पस्तिशी-चाळिशीत नव्याने आलेली आणि काही महिन्यांत वाढणारी ‘फायब्रोअ‍ॅडिनोमा’ असेल तर ती पूर्ण काढून तपासा, असे माझे स्पष्ट मत आहे. फायलोडीस बहुतेक वेळा साधीच असते, पण अर्धवट काढली तर त्याच जागी पुन्हा येते. म्हणून भोवतीच्या थोड्या निरोगी भागासह काढावी लागते.

पाणी, चरबी आणि इतर

सिस्ट म्हणजे पाण्याची गाठ. टी-टूवर एकदम पांढरी, औषधाने आतून न उजळणारी. द्रव दाट असेल किंवा रक्त मिसळले असेल तर टी-वनवर उजळ दिसते. सिस्ट सुजली तर फक्त कडा उजळते.

लायपोमा निव्वळ चरबीची असते. चरबी विझवलेल्या चित्रात ती नाहीशी होते आणि तिथेच निदान संपते. हॅमार्टोमात चरबी, ग्रंथी आणि तंतू सगळेच एका पातळ आवरणात असतात. तिला ‘स्तनातला स्तन’ म्हणतात आणि चित्रातही ती तशीच दिसते.

निप्पलमधून आपोआप, एकाच छिद्रातून रक्त किंवा पाणी येत असेल तर दुधाच्या नळीतला पॅपिलोमा असू शकतो. तो लहान असतो, पण रक्त भरपूर घेतो. त्यामुळे साधा असूनही पटकन उजळून वॉशआउट दाखवतो. इथे वळणाचा प्रकार फसवतो आणि बायोप्सीच लागते.

जिथे चित्र फसवते

मार लागल्यावर, ऑपरेशननंतर किंवा रेडिएशननंतर स्तनातली चरबी मरते. तिथे सूज आणि व्रण तयार होतो, कडा वेड्यावाकड्या होतात, भाग उजळतो. दिसायला थेट कर्करोग. मधोमध चरबीचा सिग्नल सापडला तर उलगडा होतो. म्हणून गाडीवरून पडणे, गोठ्यात गाईचे शिंग लागणे असे काही झाले असेल, दोन वर्षांपूर्वीचे असले तरी, डॉक्टरांना सांगा. स्क्लेरोझिंग अ‍ॅडिनोसिस आणि रेडियल स्कार यांतही तंतू आजूबाजूचा भाग ओढून धरतात आणि गाठ वेडीवाकडी दिसते.

उलट बाजू जास्त महत्त्वाची. काही कर्करोग साध्या गाठीचा चेहरा घेऊन येतात. म्युसिनस कर्करोगात जेलीसारखा चिकट स्राव भरलेला असतो, त्यामुळे तो टी-टूवर पांढरा दिसतो आणि हळूहळू उजळतो, अगदी पाणीदार फायब्रोअ‍ॅडिनोमासारखा. ट्रिपल निगेटिव्ह कर्करोग तर गोल आणि स्वच्छ कडांचा असू शकतो, आणि तो तरुण स्त्रियांतही होतो. त्यामुळे ‘एमआरआयमध्ये साधी दिसते, मग बायोप्सी कशाला’ असे म्हणू नका. आणि बायोप्सी केल्याने गाठ पसरते ही भीती निराधार आहे. या भीतीपायी लेप लावत काढलेले महिने मात्र खरोखर महाग पडतात.

बायरॅड्सचा आकडा

रिपोर्टच्या शेवटी बायरॅड्सचा आकडा असतो. तो आधी वाचा. १ म्हणजे काही सापडले नाही, २ म्हणजे नक्की साधी. ३ म्हणजे बहुधा साधी, कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, सहसा सहा महिन्यांनी पुन्हा बघायचे. ४ म्हणजे बायोप्सी हवी. यात शक्यता २ पासून ९५ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते, म्हणून ४ दिसताच सगळे संपले असे समजू नका आणि टाळाटाळही करू नका. ५ म्हणजे ९५ टक्क्यांहून अधिक शक्यता. शून्य म्हणजे माहिती अपुरी, आणखी तपासणी लागेल. शून्य बघून आनंदी झालेले नातेवाईक मी पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

एमआरआयला जाण्याआधी

पाळी सुरू झाल्यापासून साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात तारीख घ्या. इतर दिवसांत हार्मोन्समुळे निरोगी भागही जास्त उजळतो आणि गाठ त्यात हरवते. कर्करोगाची दाट शंका असेल तर मात्र पाळीसाठी थांबू नका.

स्तनाच्या एमआरआयला पालथे झोपावे लागते आणि स्तनांसाठीची खास कॉइल लागते. प्रत्येक केंद्रावर ती असतेच असे नाही. नगरला किंवा पुण्याला जाण्यासाठी गाडी करण्याआधी फोन करून तेवढे विचारून घ्या. पेसमेकर, शरीरातली धातूची क्लिप, किडनीचा आजार, गरोदर असण्याची शक्यता, औषधाची अ‍ॅलर्जी यांपैकी काही असेल तर आधी सांगा. गरोदरपणात गॅडोलिनियम टाळतात. अंगावर पाजणाऱ्या बाईने ते घेतले तरी दुधात अगदी नगण्य अंश उतरतो, सहसा पाजणे थांबवावे लागत नाही.

खर्चाची चिंता असेल तर लोणीचे प्रवरा ग्रामीण रुग्णालय किंवा विळद घाटातले विखे पाटील रुग्णालय अशा वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करा. ऑपरेशन ठरले तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ते बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

सहा महिन्यांनी म्हणजे नेमके कधी?

पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या ऊसतोड कुटुंबांसाठी हा प्रश्न खरा आहे. दिवाळीच्या सुमारास कोयता बाहेर पडतो आणि उन्हाळ्यातच घरी येतो. चैत्र-वैशाखात तपासलेल्या बाईला ‘सहा महिन्यांनी या’ म्हटले की ती तारीख नेमकी फडात असताना येते, आणि मग वर्ष उलटते. तुमचे असे असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. जाण्यापूर्वी, महिनाभर अलीकडे, सोनोग्राफी करून घेतली तरी चालते. किंवा बायरॅड्स ३ असतानाही आत्ताच बायोप्सी करून मोकळे होता येते. परत येण्याची खात्री नसेल तर मी हाच मार्ग सुचवतो. फडावर असताना गाठ वाढली, कातडी ओढली गेली किंवा संत्र्याच्या सालीसारखी झाली, निप्पल आत गेले, रक्त आले किंवा काखेत गाठ लागली, तर हंगाम संपायची वाट न बघता कारखान्याजवळच्या सरकारी रुग्णालयात जा. सोबत जुना रिपोर्ट आणि चित्रांची सीडी असू द्या. सीडी उसाच्या कोपीत खराब होते, म्हणून निघण्यापूर्वी रिपोर्टच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर स्पष्ट फोटो काढून ठेवा, आणि गाठीचे माप ज्या ओळीत आहे ती ओळ नीट वाचता येते ना, हे तपासून घ्या.